बालवाचक, सार्वजनिक ग्रंथालय आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत ग्रंथालय समितीच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव हा गौरवाचा प्रसंग. अशा प्रसंगी संस्थेने केलेल्या कार्याचा आढावा घ्यावा, दिवंगतांचे स्मरण करावे आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा द्याव्यात, असा आपल्याकडे प्रघात आहे. या व्यासपीठावरून ते सारे यथोचित झाले आहे. आमच्या ग्रंथालय समितीने मात्र आपल्या एका उणिवेविषयी बोलावयाचे ठरविले. आनंदाच्या पंक्तीत हा विषय काढल्याबद्दल प्रारंभीच आपली क्षमा मागतो.

मंडळाच्या ग्रंथालयात बालवाङ्मयाचे एक काचेचे कपाट आहे, हे आपण सर्व जाणता. ते एका दात्याच्या देणगीतून आले आणि त्यातील पुस्तके आपणांपैकी अनेकांनी पुण्या-मुंबईहून येताना आवर्जून आणलेली आहेत. कपाटाला कुलूप असे आणि किल्ली आम्हां समिती सदस्यांपैकी एकाच्या खिशात असे. मुलाने काचेवर बोट ठेवून पुस्तक दाखवावे, आम्ही कुलूप काढावे, पुस्तक चाळून "हे तुला झेपायचे नाही, दुसरे घे" असे सांगावे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. पुस्तके उत्तम राहिली. इतकी उत्तम, की कित्येकांची पाने एकमेकांस चिकटलेली तशीच होती.

काही वर्षांपूर्वी एका शनिवारी सायंकाळी सात-आठ वर्षांचा एक मुलगा आजीबरोबर आला. काचेला नाक लावून तो बराच वेळ उभा होता. मग त्याने आजीला विचारले, "आजी, ही पुस्तकं विकायला ठेवली आहेत का?" आजी हसल्या, आम्हीही हसलो. परंतु घरी जाताना तो प्रश्न आमच्याबरोबर आला. त्या मुलाने कुलूपबंद काच दुकानात पाहिली होती. ग्रंथालय त्याला ठाऊक नव्हते आणि आमच्या येथे येऊनही ते त्याला दिसले नव्हते.

त्या दिवसापासून बालविभाग म्हणजे नेमके काय, याचा आम्ही शोध घेऊ लागलो. त्या शोधात जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे ध्यानात आले की, ग्रंथालयाचे दार मुलांना फार उशिरा उघडले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेसारख्या देशातही बारा किंवा चौदा वर्षांखालील मुलांस प्रवेश नाकारणारी सार्वजनिक ग्रंथालये पुष्कळ होती. मुले पुस्तके मळवितात, गलका करितात, हीच तेव्हाची समजूत. ती मोडून काढण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या ॲन कॅरोल मूर या ग्रंथपाल बाईंनी 1906 पासून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाची धुरा वाहिली. मुलाने नोंदवहीत स्वतःच्या हाताने नाव लिहावे, पुस्तक जपण्याचे वचन द्यावे आणि मग पुस्तक घरी न्यावे, अशी त्यांची रीत होती. बंधने ठेवण्यापेक्षा विश्वास ठेवल्याने पुस्तके अधिक जपली जातात, हे त्यामागचे सूत्र.

हे सारे परदेशातले, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या अधिक जवळचे उदाहरण सांगतो. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी 1906 मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील ग्रंथालये पाहिली. अक्षरओळख करून दिली आणि वाचावयास काही दिले नाही, तर ती ओळख पुसली जाते, हे त्या द्रष्ट्या पुरुषाने जाणले आणि 1910 मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांस बडोद्यास पाचारण केले. बोर्डन तेथे तीन वर्षे राहिले. त्यांच्यानंतर ग्रंथालय खात्याचे काम जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांकडे आले. गावाने काही रक्कम उभी केली की तेवढीच प्रांतपंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावयाची, या तत्त्वावर गावोगाव वाचनालये निघाली. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. आणि बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते. तेथे पुस्तकांबरोबर खेळही ठेवले होते. मूल खेळावयास येते आणि पुस्तकापाशी थांबते, हे शंभर वर्षांपूर्वी ओळखणाऱ्या त्या मंडळींच्या व्यवहारज्ञानाचे कौतुक वाटते. श्रीसयाजी बालज्ञानमालेतून मुलांसाठी सुबोध पुस्तकेही सिद्ध झाली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने याचा अभिमान जरूर बाळगावा. तो बाळगताना आपण त्यातले किती उचलले, हेही स्वतःस विचारावे.

आता ज्या नगरीत आपण राहतो त्या दिल्लीकडे वळू. युनेस्को आणि भारत सरकार यांच्या संयुक्त प्रयत्नाने दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय निघाले. 27 ऑक्टोबर 1951 रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्थानकासमोरील हे ग्रंथालय आशियातील देशांना नमुना म्हणून दाखवावयाचे होते. पुढे याच धर्तीवर कोलंबियातील मेडेयिन आणि नायजेरियातील एनुगू येथे ग्रंथालये निघाली. दिल्लीच्या या प्रयोगात बालविभाग हे आरंभापासूनचे अंग होते. मुलांनी खुल्या फडताळांपाशी जावे, हवे ते पुस्तक स्वतः काढून पाहावे आणि घरी न्यावे, ही त्या काळी आपल्या देशात नवलाची गोष्ट होती. इंग्लंडमधील ल्यूटनचे ग्रंथपाल फ्रँक गार्डनर यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्यांचा अहवाल 1957 मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केला.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी भरलेले अभ्यासगृह, असेच चित्र आहे. ते अगदी खोटे नाही. तथापि आपणांस विशेष लागू पडणारी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांस स्वखर्चाने पाठवावयाची असते. त्या ग्रंथालयांत दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचा समावेश आहे. म्हणजे पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या प्रकाशकाने काढलेले मुलांचे पुस्तकही कायद्याने या नगरीत यावयास हवे. मात्र पुस्तक नगरीत येणे आणि ते एखाद्या मराठी मुलाच्या हाती पडणे, यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कायद्याने तुटत नाही. मागणी करणारा वाचक आणि ती ऐकणारा ग्रंथपाल, असे दोघे लागतात. आपण मागणी केली आहे काय? आम्ही तरी केली नव्हती.

डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे सांगितली, त्यांतील दोन बालविभागास विशेष लागू पडतात. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक. ऐकावयास हे सोपे वाटते. आपल्या मुलांच्या बाबतीत ते किती अवघड आहे, हे आम्हांस कपाट उघडल्यावर कळले.

होय, कपाट उघडले. समितीत वाद पुष्कळ झाला. एका ज्येष्ठ सदस्यांनी राजीनामा देण्याची भाषा केली. आणि त्यांची तळमळ खरी होती, कारण त्यांतील बरीच पुस्तके त्यांनीच बाइंडिंग करून टिकविली होती. अखेर वर्षभर कुलूप काढून पाहावे असे ठरले. काचेची दारे उतरविली. मुलांचा हात पोहोचेल अशा दोन बुटक्या मांडण्या करून घेतल्या आणि काही पुस्तके कण्याऐवजी मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवली. सतरंजी अंथरली. मुलांच्या स्वतःच्या नावाची कार्डे केली. वर्षअखेरीस सात पुस्तके परत आली नाहीत, दोघांची पाने फाटली आणि एकावर वरण सांडले. समितीच्या बैठकीत ते वरणाचे पुस्तक हातोहात फिरले. राजीनाम्याची भाषा करणाऱ्या सदस्यांनी ते घरी नेले व पुन्हा बांधून आणले.

परंतु कुलूप काढल्याने सारे साधले, असे मात्र मुळीच झाले नाही. मुले पुस्तके हाताळू लागली, घरी नेऊ लागली. आणि बरीचशी पुस्तके न वाचता परत येऊ लागली. तेव्हा आम्ही मुलांना शेजारी बसवून वाचावयास सांगितले आणि खरी अडचण दिसली.

दिल्लीत वाढणाऱ्या आपल्या मुलाला हिंदीमुळे देवनागरी येते. त्यामुळे मराठी त्याला वाचता येते असे आपण समजतो. चेन्नईच्या किंवा कोलकात्याच्या मराठी कुटुंबापेक्षा आपण या बाबतीत सुदैवी आहोत, हे खरे. तेथे मुलाला मराठीसाठी लिपीच निराळी शिकावी लागते. पण आपल्या सुदैवातही एक फसगत आहे. आपले मूल अक्षरे वाचते, परंतु हिंदीच्या चालीने वाचते. 'ळ' त्याला शाळेत भेटलेला नसतो; 'वाऱ्यावर' या शब्दापाशी ते अडखळते. 'शिक्षा' म्हणजे त्याला शिक्षण वाटते आणि गोष्टीतल्या गुरुजींनी शिक्षा केल्यावर मुलगा रडला का, हे त्याला उमजत नाही. 'संसार' म्हणजे जग आणि 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, असे धरून ते पुढे जाते. घरी बोलली जाणारी मराठी त्याला पूर्ण समजते. पुस्तकातली 'म्हणाला', 'जणू', 'तत्क्षणी' ही मराठी त्याच्या कानांवरून कधी गेलेलीच नसते.

यातून दुसरी अडचण उद्भवते. दहा वर्षांच्या मुलाची मराठी वाचनाची गती सहा वर्षांच्या मुलाएवढी असते. म्हणून आपण त्याच्या हाती चिमणी-कावळ्याचे पुस्तक देतो. शाळेत तो ग्रहताऱ्यांवरची इंग्रजी पुस्तके वाचत असतो. त्याला अपमान वाटतो, आणि तो अपमान मराठीच्या खात्यावर जमा होतो. मुलांना मराठीची गोडी नाही, असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याच्या वयाच्या बुद्धीला आणि त्याच्या वाचनाच्या शक्तीला एकाच वेळी पुरे पडेल असे पुस्तक आपण त्याला दिलेलेच नसते.

ग्रंथपालाचे कौशल्य येथे लागते. आम्ही वयानुसार केलेली विभागणी मोडली आणि मजकुराच्या अवघडपणानुसार रंगीत पट्ट्या लावल्या. चित्रकथा, विनोदी गोष्टी, प्राणी, यंत्रे, क्रिकेट यांवरची थोड्या मजकुराची पुस्तके शोधली. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. प्रथम बुक्स या संस्थेने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पायरीपायरीने लावलेल्या आहेत आणि तीच गोष्ट अनेकदा हिंदीत व इंग्रजीतही सापडते. एका पानावर अडले की दुसऱ्या भाषेत डोकवावे, पुन्हा मराठीत यावे, असे मुले करू लागली. काही पालकांना हे रुचले नाही. आमचे म्हणणे इतकेच की, नदी ओलांडताना मुलाने दगडावर पाय ठेवला तर त्याला रागावू नये.

मात्र सर्वांत अधिक उपयोग झाला तो मोठ्याने वाचून दाखविण्याचा. डोळ्यांनी अडखळणारे मूल कानांनी सहज पुढे जाते. आठवड्यातून एकदा अर्धा तास कोणीतरी वाचावयाचे आणि मुलांनी ऐकावयाचे, एवढाच कार्यक्रम. प्रश्न नाहीत, तात्पर्य नाही, बक्षीस नाही. मग तेच पुस्तक मुले आपण होऊन मागून नेत, कारण आता त्यातले शब्द ओळखीचे झालेले असत.

या संदर्भात न्यूयॉर्कचीच आणखी एक हकीकत सांगावीशी वाटते, कारण ती आपल्यासारख्यांची आहे. पोर्तो रिको बेटावरून आलेल्या पुरा बेलप्रे या तरुणीस 1921 मध्ये तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेम भागातील शाखेत काम मिळाले. त्या भागात तिच्या बेटावरची स्पॅनिश बोलणारी कुटुंबे येऊन राहत होती. आजीकडून ऐकलेल्या गोष्टींपैकी एकही तिला फडताळांवर दिसली नाही. तेव्हा तिने त्या स्वतः सांगावयास प्रारंभ केला, स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीतही. तिने बाहुल्या केल्या. नटव्या झुरळीणबाईंची आणि दिमाखदार उंदीरमामांची गोष्ट तिने लिहून काढली व ती 1932 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. घरची भाषा घरात ठेवून ग्रंथालयात यावे लागत असलेल्या मुलांना तिने ती भाषा बरोबर घेऊन येऊ दिली. आज तिच्या नावाने अमेरिकेत बालवाङ्मयाचे पारितोषिक दिले जाते. हे कार्य तिने वेगळे मंडळ काढून केले नाही. नगरीच्या सार्वजनिक ग्रंथालयात उभे राहून केले. त्यामुळे तिच्या समाजाची मुले नगरीची मुले झाली, आणि नगरीला त्यांच्या गोष्टी मिळाल्या.

आता कुमारवयीनांविषयी. बारा ते अठरा या वयातील वाचक कोणत्याही ग्रंथालयातून नकळत निसटतो. बालविभागात बसणे त्याला कमीपणाचे वाटते, प्रौढ विभागात त्याला कोणी विचारीत नाही आणि घरी परीक्षेशिवाय दुसरा विषय नसतो. त्याला उपदेश नको असतो. आपण काय वाचतो यावर कोणाची नजर असू नये, एवढा एकांत त्याला हवा असतो. आणि आपल्यावाचून काहीतरी अडते, ही जाणीव हवी असते.

आमच्या शनिवारच्या वाचनास एकदा ठरलेल्या वाचक बाई येऊ शकल्या नाहीत. धाकट्या भावाला पोहोचवावयास आलेली नववीतली एक मुलगी कोपऱ्यात मोबाइल पाहत बसली होती. "तू वाचतेस का?" असे आम्ही नाइलाजाने विचारले. तिने वाचले. उच्चार हिंदी वळणाचे, दोन ठिकाणी चूकही झाली. एका वृद्ध सभासदांनी मध्येच ती दुरुस्त केली, आणि आम्ही त्यांना थांबविले नाही. पुढच्या शनिवारी ती आली नाही. तिसऱ्या शनिवारी मात्र आली, आणि आल्याबरोबर म्हणाली, "आज कुणी मध्ये बोलायचं नाही." घरी आजीपुढे बसून तिने ती गोष्ट तीनदा म्हणून पाहिली होती. आता ती आणि तिच्या वयाची आणखी काही मुले आळीपाळीने वाचतात. धाकट्यांसाठी म्हणून ती मराठी वाचतात, आणि त्या निमित्ताने स्वतःही वाचक होतात. शुद्धतेचा आग्रह आम्हीही धरतो. पण तो केव्हा धरावा, हे त्या मुलीने आम्हांस शिकविले.

बंधुभगिनींनो, आता मुद्द्याची गोष्ट. मंडळाच्या वास्तूचे नूतनीकरण व्हावयाचे आहे. तळमजल्यावरील ज्या खोलीत ही सतरंजी पसरली जाते, ती खोली समारंभांसाठी भाड्याने देता येईल, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. वास्तूचा खर्च भागवावा लागतो, आणि आमच्या शनिवारी कधी आठ मुले येतात तर कधी तीनच. आकड्यांच्या बळावर आम्ही ही बाजू जिंकू शकत नाही, हे प्रांजळपणे मान्य करतो. आम्ही इतकेच विचारतो की, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले, ते त्या पहिल्या दिवशी किती जण होते?

समितीच्या वतीने आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ही खोली पुढील पाच वर्षे मुलांची राहू द्यावी आणि त्यानंतर तिचा हिशेब आमच्याकडून कडकपणे घ्यावा. दुसरी, पुस्तके देणगी देताना आपल्या बालपणीची आवडती पुस्तके अवश्य द्यावीत, परंतु त्याबरोबर आपल्या नातवंडाला हाताशी धरून त्याने निवडलेले एक पुस्तकही द्यावे. तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. आपण कर भरणारे नागरिक आहोत. आपल्या भागातील सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन मुलांच्या नावे सभासदत्व मागावे, मराठी बालपुस्तकांची लेखी मागणी नोंदवावी आणि महिन्यातून एकदा तेथे मराठी गोष्ट सांगण्याची सेवा देऊ करावी. ती गोष्ट शेजारच्या पंजाबी, बंगाली, मल्याळी मुलांनीही ऐकावी, आणि आपल्या मुलांनी त्यांच्या ऐकाव्यात. 2022 च्या युनेस्को-इफ्ला जाहीरनाम्याने सार्वजनिक ग्रंथालय वय, भाषा, धर्म असा भेद न करता सर्वांसाठी खुले असावे, हे तत्त्व पुन्हा एकदा सांगितले आहे. कोणीतरी दारात जाऊन उभे राहिले, तरच त्या तत्त्वाला अर्थ येतो.

काचेला नाक लावून उभा राहिलेला तो मुलगा नंतर दोन वर्षे नियमाने येत होता. वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब दूर गेले. जाताना त्याने शेवटचे पुस्तक परत केले नाही. न परत आलेल्या पुस्तकांच्या यादीत त्याचेही नाव आहे. ते पुस्तक वसूल करण्याचा ठराव समितीने अद्याप केलेला नाही, आणि करण्याचा विचारही नाही.